निळ्या नदीच्या उगमाशी

सोनापूरजवळ राष्ट्रीय महामार्ग लुखा नदीच्या काठाने वळणे घेत जातो. मेघालयातून आसामच्या बराक खोऱ्याकडे निघालेली वाहने तेथे हमखास थांबतात, कारण हिवाळ्यात ही नदी निळी होते. आकाशाचे प्रतिबिंब पडून पाणी निळे भासते तशी ही निळाई नसते. धुण्याच्या पाण्यात नीळ जरा जास्त पडावी, तसा तो दाट आणि एकसारखा रंग असतो. प्रवासी उतरतात, छायाचित्रे घेतात आणि पाणी किती नितळ आहे याचे कौतुक करत पुढे जातात.

जानेवारीतल्या एका सकाळी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी त्याच वळणावर उभी होती. शेजारच्या कुटुंबातील लहान मुलाने वडिलांना विचारले, "या नदीत मासे का दिसत नाहीत?" वडील म्हणाले, "थंडीत खाली जातात." तिने ते ऐकले आणि ती गप्प राहिली. या प्रश्नाचे उत्तर तिच्या घरापासून सुरू होत होते.

'नितळ' हा शब्द आपल्या भाषेत स्वच्छतेचा भाऊ मानला जातो. रसायनशास्त्र मात्र हे नाते मान्य करत नाही. पाणी आम्लधर्मी झाले आणि त्यात ॲल्युमिनियमचे क्षार उतरले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. शैवाल मरते, कीटकांच्या अळ्या नाहीशा होतात. पाणी काचेसारखे दिसू लागते, कारण त्यात काही जिवंत उरलेलेच नसते. लुखाला येऊन मिळणाऱ्या लुनार नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या असंख्य खाणी आहेत. तिकडून आलेले आम्ल आणि विरघळलेले धातू चुनखडकाच्या प्रदेशातील पाण्याला भेटतात, त्यांतून अतिसूक्ष्म कणांचा साका पाण्यात तरंगत राहतो आणि तो निळा प्रकाश विखुरतो, असे या रंगाचे स्पष्टीकरण दिले जाते. २००७च्या सुमारास हा रंग आणि मेलेले मासे प्रथम डोळ्यांवर आले, तेव्हापासून कोणी कोळशाला दोष देतो, तर कोणी त्याच पट्ट्यातील सिमेंट कारखान्यांना. राज्य सरकारने शैवालाच्या साहाय्याने नदी शुद्ध करण्याचा प्रायोगिक प्रकल्पही हाती घेतला. हीच नदी पुढे सीमा ओलांडून बांगलादेशात जाते आणि तेथे तिला लुभा म्हणतात.

ती पूर्व जैंतिया टेकड्यांमधील, प्नार समाजातील मुलगी. खासी आणि प्नार समाजांत वंश आईकडून मोजला जातो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. ती तिच्या घरातील धाकटी. मराठी वाचकाला मामा म्हटला की उन्हाळ्याची सुट्टी आणि आमरस आठवतो. तिकडे मामा हा घराचा कर्ता असतो. घराची जमीन भाचीच्या नावाने चालायची असली, तरी तिची देखरेख आणि तिच्याविषयीचे निर्णय मामाच्या विचाराने होतात. या घराच्या जमिनीत मामाने दोन खाणी खणल्या होत्या. पहिल्या खाणीतून तिच्या आईच्या आजारपणाचा खर्च निघाला आणि घराला पत्रा चढला. दुसरीतून तिची शिलाँगची शाळा, वसतिगृह आणि पुढचे महाविद्यालय. वर्गात प्राध्यापकांनी 'खाणींचा आम्लस्राव' असे फळ्यावर लिहिले, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आली ती मामाची चिखलाने माखलेली बुटांची जोडी.

मेघालयातील कोळशाचा थर पातळ असतो. पुष्कळ ठिकाणी तो माणसाच्या कमरेइतकाही जाड नसतो. मोठी यंत्रे लावून डोंगरच्या डोंगर उलटावेत, असा हिशेब तेथे बसत नाही. म्हणून एकतर डोंगराच्या उतारावर थर उघडा पडलेला दिसला की तेथूनच आडवे आत शिरायचे, किंवा जमिनीत चौकोनी विहीर खणत थरापर्यंत उतरायचे आणि तळाशी गेल्यावर चारी दिशांना बिळे काढायची. बिळाची उंची दोन ते चार फूट. कामगार गुडघ्यांवर किंवा कुशीवर आत सरकतो, कुदळीने कोळसा फोडतो आणि लहानशा ढकलगाडीत भरून मागे ओढतो. म्हणून यांना रॅट-होल खाणी म्हणतात. कामगार आसामातून, नेपाळमधून, कोठूनकोठून आलेले. येथील जमीन कुळांची आणि व्यक्तींची. सहाव्या अनुसूचीच्या या प्रदेशात कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा व्यवहारात कधी उतरलाच नाही. ज्याची जमीन, त्याचा कोळसा.

मामाचे म्हणणे साधे होते. "दोन तर खड्डे आहेत आपले. दोन खड्ड्यांनी नदी मरते होय?"

हा प्रश्न ती हसण्यावारी नेऊ शकली नाही, कारण तो प्रामाणिक होता. जगभर लहान खाणींच्या बाबतीत हीच अडचण येते. प्रत्येकाचा खड्डा लहान असतो, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्यापुरते खरे असते आणि खोऱ्यात असे हजारो जण असतात. मोठ्या खाणीला निदान एक मालक असतो, एक फाटक असते, न्यायालयाची नोटीस चिकटवायला एक भिंत असते. शिवाय 'लहान म्हणजे कमी घातक' ही समजूतच रसायनशास्त्रात टिकत नाही. गुळाची अख्खी ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो. तीच फोडून खडे करून टाकली तर पाहता पाहता पाण्यात उतरते. दहा फूट बाजूच्या ठोकळ्याचे पृष्ठफळ ६०० चौरस फूट असते. त्याचेच एक-एक फुटाचे हजार तुकडे केले, तर ते ६,००० होते. डोंगर आतून बिळांनी पोखरला की हवा आणि पाणी यांना भेटायला भिंतीच भिंती मिळतात, आणि खड्ड्याच्या कडेला टाकलेला दगडमातीचा ढीग तर फोडलेलाच असतो.

या भेटीत जे घडते ते असे. देशातील बहुतेक कोळसा गोंडवाना काळातील. त्यात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी. मेघालयाचा कोळसा त्याहून पुष्कळ तरुण, समुद्राच्या सान्निध्यात तयार झालेला, आणि त्यात गंधक साधारणतः २ ते ७ टक्के. या गंधकाचा एक भाग पायराइट या खनिजात असतो. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. सोन्यासारखे चमकते, म्हणून त्याला मूर्खांचे सोने म्हणतात. जमिनीखाली, प्राणवायूविना, ते लाखो वर्षे निवांत पडून राहते. उघडे पडले की प्राणवायू आणि पाणी यांच्याशी त्याची क्रिया होते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. सुटे झालेले लोह पुढे ऑक्सिडीभूत होऊन पुन्हा पायराइटवरच हल्ला चढवते. ही दुसरी पायरी आम्ल पाण्यात एरवी फार मंद असते. परंतु लोहावर जगणारे जिवाणू तिचा वेग लाखो पटींनी वाढवू शकतात, हे सिंगर आणि स्टुम या संशोधकांनी १९७० साली दाखवून दिले. त्या जिवाणूंपैकी प्रसिद्ध नाव अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. त्याला आम्लच मानवते. म्हणजे चक्र एकदा फिरू लागले की ते स्वतःलाच गती देत राहते.

हिशेबच करायचा तर एक किलो पायराइट पूर्णपणे झिजले की सुमारे १.६ किलो सल्फ्युरिक आम्ल होते. ते उदासीन करायला सुमारे १.७ किलो शुद्ध चुनखडक लागतो. आणि त्या उताऱ्यातूनही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ शकतो. हा शेवटचा आकडा तिने वहीच्या समासात लिहून त्याभोवती दोनदा वर्तुळ काढले होते.

२०१८ हे वर्ष मेघालयाच्या भूशास्त्रात दोनदा आले. त्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत अलीकडच्या कालखंडाला 'मेघालयन' असे नाव दिल्याचे जाहीर झाले. हा कालखंड सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याचा प्रमाण-नमुना म्हणजे सोहरा, अर्थात चेरापुंजी, परिसरातील माव्मलुह गुहेतला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. गुहेच्या छतातून पाण्याचा थेंब पडतो, बरोबर आणलेला चुना जमिनीवर ठेवतो आणि निघून जातो. असा थरावर थर चढत जातो. प्रत्येक थरातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण त्या वेळच्या पावसाची खबर देते, आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने त्या थराचे वय काढता येते. माव्मलुहच्या स्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत जड ऑक्सिजनचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. मोसमी पाऊस क्षीण झाल्याची ती खूण. त्याच सुमाराच्या कोरड्या काळाच्या खुणा इजिप्तपासून सिंधू खोऱ्यापर्यंत दाखवल्या जातात. त्या दुष्काळाने संस्कृती कितपत मोडल्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. जगातील पावसाच्या या ढेपाळण्याची तारीख सांगणारा दगड जगात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सापडावा, हा योग मोठा विलक्षण.

आणि मग त्याच वर्षीचा डिसेंबर. १३ तारखेला पूर्व जैंतिया टेकड्यांतील क्सान येथे एका रॅट-होल खाणीत जवळच्या लितेन नदीचे पाणी घुसले. तीनशेहून अधिक फूट खोल विहिरीच्या तळाशी बिळांमध्ये पंधरा कामगार अडकले. आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदलाचे पाणबुडे आले, कोल इंडियाचे आणि किर्लोस्करांचे पंप आले. पाणी उपसले जाई आणि पुन्हा भरे, कारण शेजारच्या सोडून दिलेल्या खाणींमधली बिळे आतून एकमेकांना जोडलेली होती आणि त्यांचा नकाशा कोणाकडेच नव्हता. आठवड्यांमागून आठवडे गेले. केवळ दोन मृतदेह हाती लागले. जुलैमध्ये ज्या राज्याचे नाव काळाच्या कोष्टकात कायमचे कोरले गेले, त्याच राज्यात डिसेंबरमध्ये एका डोंगराच्या पोटात काय आहे हे सांगणारा एक कागदही नव्हता. त्या वेळी ती शाळकरी वयाची होती. मामा त्या महिनाभरात रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की उठून बाहेर जात असे, एवढे तिला आठवते.

वास्तविक तेव्हा खाणी बंद असायला हव्या होत्या. आसामातील दिमासा विद्यार्थ्यांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे तक्रार केली होती की जैंतिया टेकड्यांतील कोळशाचे आम्ल खालच्या बाजूला कोपिली नदीत येते. तेथील जलविद्युत प्रकल्पाचे पोलादी भाग या पाण्याने खाल्ले होते. १७ एप्रिल २०१४ रोजी लवादाने रॅट-होल खाणींवर बंदी घातली. पुढे ३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जमीन खासगी असली तरी खाणपट्टा, खाण आराखडा आणि पर्यावरणीय मंजुरी यांवाचून कोळसा काढता येणार नाही. कायदेशीर मार्गाने काढायला मात्र आडकाठी नाही. पर्यावरणाच्या पुनर्स्थापनेसाठी राज्याने १०० कोटी रुपये भरावेत, हेही न्यायालयाने कायम ठेवले. बंदी आणि चोरटे खणणे त्या दरम्यान शेजारी शेजारी नांदत राहिले.

२०२३च्या नोव्हेंबरात उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले होते आणि अवजड यंत्र मोडल्यावर शेवटचे सुमारे १२ मीटर हातांनी खणून त्यांच्यापर्यंत पोचणारेही 'रॅट-होल मायनर' होते. ही मंडळी मुख्यतः शहरांत जमिनीखाली नळ टाकण्याच्या कामात मुरलेली. मेघालयाच्या कोळशाशी त्यांचा संबंध नव्हता. देशाने त्यांना डोक्यावर घेतले, ते योग्यच. पण त्या आनंदात पुष्कळांनी ही पद्धतच गौरवली. कौशल्य आणि पद्धत या दोन गोष्टी आहेत. नावाडी तरबेज आहे म्हणून गळकी होडी चांगली ठरत नाही.

मामाने खाणकाम थांबवले ते बंदीमुळे की क्सानमुळे, हे त्याने कधी सांगितले नाही. बिळे तशीच उघडी राहिली. आणि इथेच तिच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता. न्यायालयाच्या आदेशाने कुदळ थांबते. पायराइट थांबत नाही. स्पेनमधील रिओ तिंतो नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वीपासून खाणकाम झाले, ती नदी आजही तांबडी आणि आम्लधर्मी वाहते. उघड्या टाकलेल्या दोन खड्ड्यांतून मामाच्या हयातीत, तिच्या हयातीत आणि बहुधा तिच्या नातवंडांच्या हयातीतही आम्ल झिरपत राहणार होते. वारशाने धाकट्या मुलीला घर मिळते. तिला घराबरोबर ही अभिक्रियाही मिळणार होती.

त्या जानेवारीत ती घरी आली ती सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्यांची डबी घेऊन. खड्ड्याखालच्या ओहोळात दगडांवर गंजासारखा पिवळसर-नारिंगी लेप होता. पाण्यात पट्टी बुडवली, ती लालसर झाली. डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली, तर सामू तीनच्या आसपास. मामा शेजारी उभा होता. त्याला आकडा लहान वाटला.

"सातपेक्षा चारनेच तर कमी," तो म्हणाला.

"मामा, ही पायरी दहापटींची असते. चार पायऱ्या म्हणजे दहा हजार पट."

मामा काही बोलला नाही. त्याने कनवटीची पिशवी काढली, पानाला बोटाने चुना लावला, सुपारीचा तुकडा ठेवला आणि पान तोंडात घातले. या विड्याला तिकडे क्वाई म्हणतात. पाहुण्याचे स्वागत, वादाचा शेवट आणि विचाराला लागणारा वेळ, तिन्ही गोष्टी त्यातच होतात. तिने पुढे होऊन मामाच्या डबीतला चुना नखभर घेतला, त्याच ओहोळाच्या पाण्याच्या वाटीत कालवला आणि दुसरी पट्टी बुडवली. पट्टी निळसर हिरवी झाली.

मामाने दोन्ही पट्ट्या हातात घेऊन उन्हात धरल्या. "म्हणजे आता डोंगराला पान खायला घालायचे म्हणतेस?"

थट्टा असली तरी उपाय तोच होता. ज्या टेकड्यांत आम्लाचा कोळसा आहे त्याच टेकड्यांत चुनखडकही विपुल आहे. मात्र पहिला प्रयत्न पूर्ण फसला. ओहोळात तिने चुनखडकाचे दगड ओळीने मांडले. पहिले काही दिवस पट्टीचा रंग सुधारला, पंधरवड्याने पुन्हा जैसे थे. दगड उचलून पाहिले, तर प्रत्येकावर लोहाच्या गंजाचे कवच चढलेले. आत चुना तसाच होता, पाण्याला तो भेटतच नव्हता. अमेरिकेतील ॲपलाचियन कोळसापट्ट्यात हे अनेक दशकांपूर्वी शिकून झाले आहे. तेथे अशा वेळी चुनखडक जमिनीत पुरून, वर प्लास्टिक आणि चिकणमाती घालून, प्राणवायूशिवाय पाणी त्यातून नेतात, म्हणजे गंज धरत नाही. पण पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर अशी पुरलेली वाट बुजते, आणि येथील पाण्यात ते होते. दुसरा मार्ग म्हणजे तीव्र उतारावर उघडी पाट काढणे, जेणेकरून पाण्याचा वेगच दगडांवरचे कवच खरवडत राहील, आणि खाली तळी करून सुटलेला गाळ त्यांत बसवणे. जैंतिया टेकड्यांत उताराचा तुटवडा नाही.

तरी यातील सर्वांत स्वस्त उपाय रसायनशास्त्राचा नव्हताच. तो प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेला होता: पाणी वळवणे. खड्ड्याच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचे स्वच्छ पाणी बाजूने काढून दिले, तर पायराइटला भेटणारे पाणीच कमी होते. ढिगावर चिकणमातीचा थर आणि त्यावर गवत. बिळांची तोंडे बंद. ओहोळाच्या काठचा कोळशाचा भुगा उचलून दूर. आम्ल झाल्यावर ते मारण्यापेक्षा होऊच न देणे किती तरी सोपे. हे पुस्तकात एका ओळीत असते. प्रत्यक्षात मामा, त्याचे दोन शेजारी आणि ती यांना दोनशे पावले लांबीचा चर खणायला मार्च पूर्ण लागला, कारण शेजाऱ्यांना मजुरी द्यावी लागली आणि ती मामाने कोठून आणली हे त्याने सांगितले नाही.

हवामानबदलाचा धागा या कामात कोठे येतो, असे तिला गावच्या शाळेत विचारले गेले. शाळेने तिला या विषयावर बोलायला बोलावले होते. ध्रुवावरची अस्वले आणि वितळणारे हिमनग असलेला तयार चित्रसंच तिने आदल्या रात्री बाजूला ठेवला होता. तिने मुलांना कोरड्या महिन्यांत खड्ड्याच्या भिंतीवर धरणारी पांढरी-पिवळी बुरशी आठवायला सांगितली. सर्वांनी ती पाहिली होती. कोणी कोणी चाखलीही होती. ती बुरशी नव्हेच. झिजलेल्या पायराइटचे ते क्षार. हिवाळाभर ते साठतात आणि पहिल्या जोरदार सरीत एकदम विरघळून ओहोळात उतरतात. म्हणून मासे मरतात ते पहिल्या पावसात. कोरडा काळ लांबला तर साठा वाढतो. पाऊस थोड्या दिवसांत एकवटला तर तो एका दमात उतरतो. १७ जून २०२२ रोजी मौसिनरामला २४ तासांत १,००३.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सोहराला ९७२. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि असे दिवस अधिक संभवनीय होतात. कोळसा जळून हवा तापते, तापलेल्या हवेचा पाऊस कोळशाच्याच खड्ड्यातून आम्ल धुऊन नेतो. मुलांनी हे वर्तुळ फळ्यावर तिच्याआधी पूर्ण केले.

मग एका मुलाने विचारले, "आमचा कोळसा जळाला कुठे?" तिने सांगितले, काही आसामात, काही बांगलादेशात, वीटभट्ट्यांत, कारखान्यांत. किलोभर कोळशात सत्तर टक्के कार्बन धरला, तर अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. "मग त्या विटांच्या घरात कोण राहते?" याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. खड्डा ज्याचा त्याला जाब विचारणे सोपे. वीट ज्याची त्याचा पत्ता लागत नाही.

आणि पोट कसे भरायचे, हा प्रश्न होताच. तो वर्गात कोणी विचारला नाही, शाळेबाहेर पालकांनी विचारला. शेजारच्या पश्चिम जैंतिया टेकड्यांत लाकाडोंग हळद पिकते. तिच्यात कर्क्युमिन ७ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या वाणांच्या दुपटीहून अधिक. मुलिए गावच्या शिक्षिका ट्रिनिटी सायू यांनी शेकडो स्त्रियांना या लागवडीकडे वळवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कोळशाचा पैसा आठवड्यात हाती येतो आणि हळदीचा वर्षाने, हे न सांगता हळदीचे गोडवे गाणे म्हणजे फसवणूक. शिवाय ज्या शेतात आम्लाचे पाणी शिरले आहे तेथे हळदही नीट येत नाही. आधी पाणी, मग पीक. एक पालक म्हणाले, "म्हणजे आधी खर्च, मग पुन्हा खर्च." तिने ते मान्य केले.

तिच्या वहीत एका माशाचे चित्र चिकटवलेले आहे. जैंतिया टेकड्यांतील उम लादाव गुहेत, अंधारात राहणारा, डोळे गमावलेला, फिकट रंगाचा हा मासा २०१९ साली जगापुढे आला; ज्ञात गुहामाशांत तो आकाराने सर्वांत मोठा. २०२३मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले: निओलिसोकायलस प्नार. तिच्या समाजाचे नाव त्या माशाला मिळाले आहे. चुनखडकाच्या गुहांत भूगर्भातील वाटांनी कोणत्या डोंगराचे पाणी कोठे निघते, हे बहुतांशी अज्ञातच असते. मामाला तिने ते चित्र दाखवले, तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "याला डोळे नाहीत, म्हणून निळे पाणी याला दिसणार नाही."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली मोठी सर आली. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. पहाटे ती उठली तेव्हा मामाचे बूट दाराशी नव्हते. ती छत्री घेऊन वर गेली. चरातून गढूळ, तांबूस, मातीचे पाणी खड्ड्याला वळसा घालून वेगाने उतरत होते. एके ठिकाणी काठ खचला होता आणि तेथून एक धार खड्ड्यात जात होती. मामा गुडघाभर चिखलात उभा राहून दगड रचत ती धार बुजवत होता. खालच्या तळ्यात नारिंगी गाळ घुसळला जात होता. तिने पट्टी बुडवली. रंग लाल नव्हता, हिरवाही नव्हता. मधलाच, पिकल्या लिंबासारखा. डबीवर पाहिले: पाच असावा, फार तर साडेपाच.

"किती?" मामाने खालूनच विचारले.

"पाच."

"मासा राहतो का पाचात?"

"काही राहतात. फार नाही."

मामाने हात धुतला, पट्टी मागून घेतली आणि सुकायला पानाच्या डबीच्या झाकणात ठेवली. मग वरच्या अंगाला बोट दाखवून तो म्हणाला, "तो तिसरा खड्डा आपला नाही. पण त्याचे पाणी आपल्याच ओहोळात येते. त्याच्या मालकाकडे मी जातो. तू ती डबी दे, पट्ट्या मीच बुडवून दाखवतो."